मलावीतले शनिवार-रविवार

मलावीच्या दक्षिण भागात झोंबा नावाचं, पठाराच्या पायथ्याला टेकून वसलेलं शहर आहे. 1975 साली राजधानी लिलाँग्वेला हलली, तोवर देशाचा कारभार इथूनच चालायचा. झोंबा सोडून पूर्वेला उतरलं की थोड्याच वेळात डांबर संपतं. लाल मातीचा रस्ता आणि दुतर्फा मक्याची शेतं सुरू होतात. त्या रस्त्यावरच्या एका आरोग्य केंद्राच्या प्रयोगशाळेत मी स्वयंसेवक म्हणून काम केलं.

मी मूळची चिपळूणची. सगळी नोकरी लॅब टेक्निशियन म्हणून सरकारी दवाखान्यात झाली. मुलं मार्गी लागल्यावर स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि एका आंतरराष्ट्रीय स्वयंसेवी संस्थेमार्फत तिकडे गेले. आवारातली एक खोली, तिथल्या कर्मचाऱ्याचं घर चालेल इतपत भत्ता आणि विमानाचं तिकीट एवढं संस्था देत होती. रक्ताची काचपट्टी नीट करणं, ती रंगवणं, वाचणं आणि त्याची नोंद ठेवणं हे तिथल्या दोन तरुण मदतनिसांना शिकवायचं, हे माझं काम होतं.

परत आल्यापासून बरीच तरुण मुलंमुली भेटायला येतात. आफ्रिकेत कामाला जायचं त्यांच्या मनात असतं. काम, पगार, मलेरिया यांच्याबद्दल विचारून झालं की हळूच पुढचा प्रश्न येतो, शनिवार-रविवारी काय करता येतं? हा प्रश्न विचारताना त्यांना संकोच वाटतो, जणू सेवेला निघालेल्या माणसाने फिरण्याचं नाव काढू नये. मला मात्र तो अगदी रास्त वाटतो. सोमवार ते शुक्रवार तुम्ही एका खोलीत, त्याच चार माणसांत आणि आजारी लोकांत असता. संध्याकाळी सहाच्या सुमारास अंधार पडतो, वीज असेलच असं नाही. अशा जागी सुट्टीचे दोन दिवस कसे घालवता यावर तुमचं टिकणं अवलंबून असतं. आपण ज्या देशात आलो आहोत तो कळायलाही त्याच दोन दिवसांत वेळ मिळतो.

माझं मत सांगून टाकते. जवळ जा, तिथले लोक ज्या गाडीने जातात त्या गाडीने जा, आणि रविवारी ऊन उतरायच्या आत परत या. सोमवारी केंद्रावर आठवड्यातली सगळ्यात मोठी रांग असते. शनिवार-रविवारी जुजबी सेवा सुरू असते, म्हणून दोन दिवस तापात काढलेली मुलं घेऊन आया सोमवारी पहाटेच व्हरांड्यात येऊन बसतात. शुक्रवारी दुपारी पाठीला सॅक लावून निघणारे आणि सोमवारी दुपारी उन्हाने लाल होऊन परतणारे स्वयंसेवक मी पाहिले आहेत. त्यांना तोंडावर कोणी काही बोलत नाही, मलावीची माणसं तशी बोलणारी नव्हेत. पण पुढे त्यांना कामाचं काही सांगायचं कोणाच्या मनात येत नाही.

सुरुवातीचे काही आठवडे तर कुठेच जाऊ नये. गावातला शनिवार पाहण्यासारखा असतो. चर्चच्या आवारात गायकवृंदाचा सराव चाललेला असतो. शाळेच्या मैदानावर प्लॅस्टिकच्या पिशव्या दोरीने घट्ट बांधून केलेल्या चेंडूने मुलं फुटबॉल खेळतात आणि मुली नेटबॉल. नेटबॉलमध्ये मलावीच्या महिला संघाचा जगातल्या चांगल्या संघांत समावेश होतो, त्यामुळे खेड्यातली मुलगीही तो खेळ मन लावून खेळते. आठवड्याच्या बाजारात टोमॅटोचे चार-चारचे वाटे, सुकी मासळी, जुने कपडे, साबणाच्या कापलेल्या वड्या असं सगळं मिळतं.

आणि मयत असते. गावात कोणी गेलं की शेतं थांबतात, सगळं गाव त्या घराकडे जातं. आमच्या केंद्रातल्या नर्सने मला पहिल्यांदा सोबत नेलं तेव्हा माझ्या हातात मक्याच्या पिठाची थाळी दिली आणि कमरेला आपला चितेंजे गुंडाळला. चितेंजे म्हणजे दोन मीटरचं छापील सुती कापड. बाईच्या कमरेला ते असतंच, पाठीवरचं मूल त्यात, डोक्यावरच्या ओझ्याखालची चुंबळ त्याचीच. बायका आत जमिनीवर मृताजवळ बसतात, पुरुष बाहेर. येणारी प्रत्येक बाई पीठ किंवा लाकडं आणते, कारण त्या घरात आलेल्या सगळ्यांना जेवू घालायचं असतं. पुढे रस्त्यावर हिरव्या फांद्या टाकलेल्या दिसल्या की मी ओळखू लागले, पुढे मयत आहे, गाडी हळू होणार. त्या दिवसानंतर लोक मला हाक मारताना ‘अमायी’ म्हणू लागले. तिथे वडीलधाऱ्या बाईला अशीच हाक मारतात.

मग प्रवास. मलावीतला प्रवास म्हणजे मुख्यतः मिनिबस. जपानमध्ये वापरून झालेल्या टोयोटा हायेस गाड्या, एकेका बाकावर चौघं, मांडीवर मुलं, पायाशी कोंबड्या आणि पिठाचं पोतं. वेळापत्रक नसतं. गाडी भरली की सुटते. अड्ड्यावर गावांची नावं घेत ओरडणारी पोरं असतात. प्रवासी मिळवून दिले की त्यांना कंडक्टरकडून पैसे मिळतात. म्हणून ती तुमची पिशवी हातात घेऊन ज्या गाडीकडे ओढतात ती सगळ्यात रिकामी असते. भरत आलेली गाडी आपण शोधायची. त्यातही बघून बसावं लागतं, कारण गाडी भरल्यासारखी वाटावी म्हणून यातलीच काही पोरं आत बसलेली असतात आणि खरे प्रवासी आले की एकेक करून उतरतात. सामान कोणाच्या पायाशी आहे, बाया कोणत्या बाकावर आहेत, हे पाहिलं की अंदाज येतो. भाडं कंडक्टरला विचारण्याआधी शेजारच्या बाईला विचारावं. ती खरं सांगते, आणि कंडक्टरने जास्त मागितलं तर तुमच्या वतीने भांडतेही.

गाडी भरली, भाडं गोळा झालं की ती आधी पंपावर जाते, त्याच पैशांतून थोडं इंधन भरते आणि मग वाटेला लागते. वाटेत पोलिसांचे अडथळे लागतात. थांबा आला की खिडकीतून हात आत येतात. उकडलेली अंडी आणि कागदात बांधलेलं मीठ, भाजलेली कणसं, केळी, उसाचे करवे, मंदासी नावाचे तळलेले गोड गोळे. मध्य भागातल्या हमरस्त्यावर मुलं काडीला ओवलेले शेतातले उंदीर विकतात. ज्या घरांत वर्षातून मोजक्या वेळा मटण शिजतं तिथे ते आवडीने खाल्लं जाणारं अन्न आहे. ते पाहून नाक मुरडणारा पाहुणा सगळ्या गाडीला दिसतो.

जिथे मिनिबस जात नाही तिथे मतोला असते, म्हणजे पैसे घेऊन माणसं बसवणारा मालट्रक किंवा पिकअप. मागच्या हौद्यात पोत्यांवर बसायचं आणि हाताला लागेल ते धरायचं. त्यांचे अपघात होतात, माणसं जातात. दुसरा मार्ग नसेल तरच आणि दिवसाउजेडीच मी मतोलात बसत असे. सपाट भागात काबाझा उत्तम. सायकलच्या कॅरिअरवर गादी बसवलेली असते, बायकांनी एका बाजूला पाय सोडून बसायचं. आता तिथे मोटरसायकलीही आल्या आहेत आणि त्यांनाही काबाझाच म्हणतात. सायकलवाल्याला मी नेहमी पसंती दिली, पडलोच तरी वेग कमी.

अंधार पडल्यावर मात्र कशातही बसू नये. हा नियम मी कुठल्या पुस्तकातून घेतलेला नाही, आमच्या केंद्राच्या मेडिकल असिस्टंटने तो मला पहिल्याच आठवड्यात सांगितला. हेडलाइट नसलेले ट्रक, दिवा नसलेल्या सायकली, रस्त्यात बसलेली गुरं आणि रस्त्याच्या कडेने घरी जाणारी शाळेची मुलं. जूनमध्ये तर साडेपाचलाच सूर्य मावळतो. त्यात रविवारी सकाळी सगळे चर्चमध्ये, त्यामुळे गाड्या कमी आणि भरायला वेळ जास्त. परतीची गाडी दुपारी दोनला मिळेल असं धरून चाललं तर चारला निघता येतं. त्यामुळे सुट्टीत किती लांब जायचं ते नकाशावरच्या किलोमीटरवर ठरत नाही, गाडी भरायला किती वेळ लागेल यावर ठरतं.

म्हणून बहुतेक शनिवारी मी झोंबालाच जात असे. बँक, एटीएम, फोनचा बॅलन्स, चांगला साबण आणि थंड पाण्याची बाटली ही कामं असायचीच. मोबाइलवरून पैसे पाठवायची सोय तिथल्या खेड्यांतही पोहोचली आहे. तरी गाडीवाला आणि बाजारातली बाई यांना नोटाच लागतात. कामं उरकली की पठारावर चढायचं. मोटारीचा रस्ता आहे, पण चालत जायला बटाट्याची वाट आहे. तिला इंग्रजीत खरोखरच पोटॅटो पाथ म्हणतात. डोंगरापलीकडच्या गावांतले शेतकरी बटाट्याची पोती डोक्यावर घेऊन याच वाटेने शहरात उतरतात. आपण मोकळ्या हातांनी दम खात चढत असतो आणि समोरून बायका पोती, लाकडाच्या मोळ्या घेऊन झपझप खाली येत असतात. त्या थांबून विचारपूस करतात. मलावीत विचारपूस केल्याशिवाय कोणी कोणाच्या बाजूने जात नाही. वर पाइनची लागवड, मुलुंगुझी धरणाचं शांत पाणी आणि हंगामात रस्त्याकडेला टोपलीतून विकायला ठेवलेल्या रासबेरी. निरभ्र दिवशी एका बाजूला मुलांजेचा पर्वत दिसतो आणि दुसऱ्या बाजूला चिलवा सरोवराची फिकट पट्टी.

लिंबेला जायचं कारण वेगळं होतं. ब्लांटायर आणि लिंबे ही जोडशहरं, आणि लिंबेच्या बाजारात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या गुजराती कुटुंबांची दुकानं आहेत. हेस्टिंग्ज बांदा अध्यक्ष असताना 1970 च्या दशकात खेड्यांतल्या भारतीय वंशाच्या दुकानदारांना मोठ्या शहरांत हलायला लावलं गेलं. आमच्या बाजारगावातल्या एका जुन्या, उंच ओट्याच्या दुकानाकडे बोट दाखवून म्हातारी माणसं सांगायची, हे भारतीयांचं होतं. लिंबेला मी हिंग, मोहरी आणि डाळ आणायला जायचे. ती तूरडाळ दुकानदाराने भारतातून आणलेली असेल अशी माझी समजूत होती. तो म्हणाला, बाई, ही तूर तुमच्या शेजारच्या शेतातली आहे.

आणि खरंच तसं होतं. दक्षिण मलावीत मक्याच्या ओळींमध्ये तूर लावतात. तिथे तिला नंदोलो म्हणतात. पावसाच्या सुरुवातीला, नोव्हेंबर-डिसेंबरात पेरणी होते, मका निघून गेला तरी ही झाडं उभी राहतात आणि जुलै ते सप्टेंबर शेंगा हाती येतात. घरात दाणे सबंध शिजवून नसिमाबरोबर, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीबरोबर, खातात. उरलेली तूर व्यापारी घेतात, काही ब्लांटायर-लिंबेच्या गिरण्यांत भरडली जाते आणि तिचा मोठा गिऱ्हाईक भारत. 2021 साली भारताने मलावीशी करार केला, पाच वर्षं दर वर्षी 50 हजार टन तूर खासगी व्यापाराच्या मार्गाने घ्यायची. आपल्याकडे तुरीचं पीक बुडालं की तिथल्या शेतकऱ्याला भाव मिळतो आणि आपल्याकडे उदंड झालं की त्याची तूर घरात पडून राहते. आमच्या केंद्राची सफाईची बाई मला विचारायची, यंदा तुमच्याकडे पाऊस कसा आहे? तिच्या घरात तीन पोती नंदोलो पडलेली होती. आपल्या आमटीतली डाळ कोणाच्या अंगणात वाळते हे मला त्या शनिवारच्या फेऱ्यांमुळे कळलं.

चिलवा सरोवर झोंबाहून तीसेक किलोमीटरवर. कचुलू हे त्याच्या काठचं बंदर. प्रवासी पुस्तकांत त्याला फारशी जागा मिळत नाही, पण कोकणातल्या माणसाने ते जरूर पाहावं. बांबूच्या मांडवांवर बोटभर लांबीची मातेंबा मासळी वाळत घातलेली असते आणि तो वास पार रस्त्यापर्यंत येतो. सरोवर उथळ आहे, त्याचं पाणी बाहेर कुठेच वाहून जात नाही, त्यामुळे दुष्काळात ते आटतं. 1995 मध्ये ते पूर्ण कोरडं पडलं होतं, 2018 मध्येही बरंचसं आटलं. तेव्हा कोळी गाव सोडून जातात आणि पाणी भरलं की परत येतात. पाण्यात पाणकणसाची दाट बेटं आहेत. त्यांवर गवताच्या तरंगत्या झोपड्या बांधून काही कोळी हंगामभर तिथेच राहतात. पिण्याचं पाणी तेच, शौचाचं पाणीही तेच, त्यामुळे इथे कॉलऱ्याच्या साथी येत राहिल्या. 2016 च्या साथीत या कोळ्यांना तोंडावाटे घ्यायची लस देण्यात आली. दोन आठवड्यांनी त्यांना पुन्हा गाठणं अशक्य होतं, म्हणून दुसरा डोस पिशवीत बंद करून त्यांच्याच हाती दिला आणि कधी घ्यायचा ते समजावलं. ती लस हैदराबादेत तयार झालेली होती. मोहिमेत काम केलेल्या एका आरोग्य सेवकाने कचुलूच्या धक्क्यावर उभं राहून मला ही हकीकत सांगितली.

लांब सुट्टी मिळाली, शुक्रवारी किंवा सोमवारी सरकारी सुट्टी आली, की सगळे स्वयंसेवक मलावी सरोवराकडे धावतात. त्यांना दोष देता येत नाही. साडेपाचशे किलोमीटरहून लांब, सातशे मीटर खोल, आणि पाणी असं की होडीतून तळाचे खडक दिसतात. दक्षिण टोकाला केप मक्लिअरचं राष्ट्रीय उद्यान आहे, 1984 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत. इथल्या रंगीत सिक्लिड माशांच्या शेकडो जाती जगात दुसरीकडे कुठेही मिळत नाहीत. 1875 साली स्कॉटिश मिशनऱ्यांनी लिव्हिंग्स्टनच्या नावाने पहिलं ठाणं इथेच वसवलं. तापाने माणसं जात राहिली तेव्हा 1881 मध्ये ते उत्तरेला बंडावेला नेलं. त्यांच्या कबरी अजून गावामागे आहेत.

त्या पाण्यात मी उतरायचं की नाही, हा प्रश्न मला माझ्या मायक्रोस्कोपने घातला.

आमच्या प्रयोगशाळेत दर आठवड्याला शाळकरी मुलांच्या लघवीचे नमुने यायचे. तक्रार एकच, लघवीतून रक्त जातं. नमुना सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान घ्यायचा, कारण त्या वेळात परजीवीची अंडी सर्वांत जास्त बाहेर पडतात. वीज असली तर सेंट्रिफ्यूज, नसली तर बाटली तासभर स्थिर ठेवायची आणि तळाचा थेंब काचेवर घ्यायचा. भिंगाखाली ते अंडं दिसतं तेव्हा चुकायला जागाच नसते. लांबट, पारदर्शक आणि एका टोकाला अणकुचीदार काटा. त्या काट्यानेच मूत्राशयाच्या भिंती सोलवटतात आणि रक्त येतं. वर्षानुवर्षं दुर्लक्ष झालं तर मूत्राशयाचा कर्करोगही होऊ शकतो. हा बिलहार्झिया. अंडं पाण्यात पडलं की त्यातून निघालेला जंतू एका जातीच्या गोगलगाईत शिरतो, तिच्यात वाढतो, आणि मग उन्हाच्या वेळी हजारोंनी पाण्यात सुटून माणसाच्या अखंड कातडीतून आत जातो. पाणी प्यायची गरज नाही, नुसतं गुडघाभर उभं राहिलं तरी पुरे.

चिपळूणच्या मुलीला हे सगळं परकं नव्हतं. रत्नागिरी जिल्ह्यातल्याच गिमवी गावात 1952 साली गाडगीळ आणि शहा या संशोधकांनी भारतातलं मानवी बिलहार्झियाचं ठिकाण नोंदवलं होतं. पुढे औषधोपचार आणि गोगलगायींचा नायनाट यांनी तिथली लागण आटोक्यात आली. डिप्लोमाच्या परीक्षेसाठी गिमवीचं नाव आम्ही पाठ केलं होतं. ते अंडं प्रत्यक्ष पाहायला मला मलावीत जावं लागलं.

केप मक्लिअरलाही हा आजार आहे, आणि तिथे तो वाढण्याचं एक कारण मासेमारीत सापडतं. किनाऱ्याजवळच्या पाण्यात गोगलगायी खाणारे काही सिक्लिड मासे असतात. बारीक जाळ्यांनी ते उपसले गेले, गोगलगायी माजल्या आणि आजार वाढला, असं तिथे अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांनी मांडलं आहे. मासा का कमी झाला? सरोवरकाठची वस्ती वाढली, शेती कमी पडली, चांबोसारखा मोठा मासा दुर्मिळ झाला म्हणून लोक बारीक मासळीकडे वळले. पाहुणा चार दिवस पोहून जातो. गावातली बाई रोज त्याच पाण्यात भांडी घासते, कपडे धुते, मुलांना आंघोळ घालते.

मी पोहले. पण होडीने खोल पाण्यात, खडकांकडे जाऊन. काठच्या लव्हाळ्यात आणि गावाजवळच्या उथळ पाण्यात पाय घातला नाही. जे पोहतात त्यांनी एवढं तरी करावं, आणि मुख्य म्हणजे नंतर प्राझिक्वांटेल घ्यावं. ते लगेच घेऊन उपयोग नाही, कारण ते पूर्ण वाढलेल्या कृमीला मारतं, कोवळ्या कृमीवर चालत नाही. शेवटच्या पोहण्यानंतर सहा ते आठ आठवड्यांनी, वजनाप्रमाणे, डॉक्टरांना विचारून घ्यायचं. स्वस्त आणि चांगलं औषध आहे. आंघोळीचं पाणी सरोवरातलं असेल तर ते एक दिवस भरून ठेवलं किंवा चांगलं तापवलं की जंतू मरतो. परत भारतात आल्यावर लघवीत रक्त दिसलं तर कुठे पोहून आलो ते डॉक्टरांना आपणच सांगायला हवं, इथल्या डॉक्टरांच्या ते सहजी मनात येणार नाही.

मलेरियाचंही असंच. तिथला मलेरिया बहुतांशी फाल्सिपेरम, म्हणजे जीव घेणारा. लहान मुलांसाठीची मलेरियाची पहिली लस नेहमीच्या लसीकरणात सर्वांत आधी एप्रिल 2019 मध्ये मलावीतच सुरू झाली, यावरून त्या देशावरचं ओझं समजावं. सुट्टीला निघताना मच्छरदाणी आणि प्रतिबंधक गोळी विसरणारे मी बरेच पाहिले. डास शनिवार पाळत नाही.

मुलांजेबद्दल थोडंच सांगते, कारण तिथे पायांनीच जावं. लिंबेहून चहाच्या मळ्यांतून रस्ता जातो आणि सपाट मैदानातून एकदम तो प्रचंड दगडी पर्वत उभा राहतो. सपित्वा हे शिखर 3,002 मीटर. 2025 मध्ये या पर्वताची जागतिक वारसा यादीत नोंद झाली. लिखुबुला गावाहून चढायचं, वर लाकडी झोपड्या आहेत, राखणदार चूल पेटवून पाणी आणून देतो. मे ते ऑगस्ट अचानक गारठ्याचं धुकं आणि झिमझिम येते, तिला तिथले लोक चिपेरोनी म्हणतात. स्वेटर हवाच. देशाचा राष्ट्रीय वृक्ष असलेला मुलांजे सीडर याच पर्वतावरचा, आणि बेकायदा तोडीमुळे तो आता नष्ट होण्याच्या बेतात आहे. सामान स्वतः वाहू शकत असाल तरी वाटाड्या आणि हमाल घ्या. पायथ्याच्या गावांत रोख पैसे मिळवायच्या वाटा फार थोड्या आहेत. झाड तोडण्यापेक्षा सामान वाहून घर चाललं तर पर्वतही राहतो. भाव ठरलेले असतात, त्यात घासाघीस करू नये, आणि हमालाचं जेवणही आपणच न्यावं.

लिवोंडे उद्यान झोंबाहून जवळ, शिरे नदीकाठी. 2015 पासून आफ्रिकन पार्क्स या संस्थेकडे त्याची व्यवस्था आहे. हत्ती इतके वाढले की 2016-17 मध्ये लिवोंडे आणि माजेते या दोन उद्यानांतून 500 हत्ती ट्रकने उत्तरेच्या न्खोटाकोटाला नेले. होडीतून पाणघोडे आणि हत्ती अगदी जवळून दिसतात. एक सकाळ पुरते. कामाचा परवाना जवळ ठेवलात तर रहिवाशांचा कमी दर लागतो.

एवढं फिरूनही मला सगळ्यात जास्त शिकवलं ते एका सहकाऱ्याच्या घरी घालवलेल्या रविवाराने. तिच्या आईने दारातच चटई टाकली. घरातल्या सगळ्यात लहान मुलीने पाण्याचा जग आणि तसराळं आणून गुडघे टेकून आमच्या हातांवर पाणी घातलं. नसिमा, भोपळ्याचा पाला शेंगदाण्याच्या कुटात शिजवलेला, आणि माझ्यासाठी मुद्दाम चांबोचा एक तुकडा. तो तुकडा त्या घरात त्या दिवशी एकच होता. मी साखर, मीठ आणि साबण नेला होता, तिथे पाहुण्याने तेच न्यायची रीत आहे. जेवण झाल्यावर तिच्या वडिलांनी विचारलं, तुमच्या देशात नात्यातल्या आजारी माणसाजवळ दवाखान्यात कोण राहतं? मी म्हटलं, घरचंच कोणीतरी. ते म्हणाले, मग ठीक आहे. आमच्या केंद्रातही प्रत्येक रुग्णाबरोबर त्याचा नातलग येतो. तोच चूल पेटवतो, तोच अंथरूण धुतो, त्याला सगळे गार्डियन म्हणतात. सोमवारी मी प्रयोगशाळेत शिरले तेव्हा चुलीपाशी बसलेल्या प्रत्येक बाईला नाव विचारून मग दार उघडलं आणि पुढे तसंच करत राहिले. नमुने वेळेवर आणि स्वच्छ यायला लागले ते त्यानंतर.

नर्स, लॅब टेक्निशियन, फार्मासिस्ट, गणित-विज्ञानाचे शिक्षक, ज्यांचे हात अजून चालतात आणि घरच्या जबाबदाऱ्या हलक्या झाल्या आहेत, त्यांनी अशा कामासाठी जरूर अर्ज करावेत. संस्थेला आधी विचारून घ्या की राहायची जागा कामाच्या गावातच आहे का, आजारी पडलात तर कुठे नेणार, आणि आठवड्याची सुट्टी कोणती. किमान वर्षभराचं काम मागा. पैसे भरून पंधरा दिवसांच्या सेवेला नेणाऱ्या, शेवटी सफारी जोडलेल्या सहलींच्या वाटेला जाऊ नका. त्यातले पहिले आठ दिवस आरोग्य केंद्राचे तुमची सोय लावण्यातच जातात.